टीएसएच सारखा वर-खाली होतो, डॉक्टर बदलू का?

पत्र थोडक्यात

तालुक्याच्या गावातून ४३ वर्षांच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. पतसंस्थेत नोकरी, घरी यजमान, कॉलेजात जाणारी मुलगी आणि ७६ वर्षांच्या सासूबाई. तीन वर्षांपूर्वी थकवा, थंडी न सोसणं, बद्धकोष्ठता आणि सकाळी सुजलेला चेहरा अशा तक्रारींवरून फॅमिली डॉक्टरांनी रक्त तपासलं. टीएसएच (थायरॉईड मंदावला की चढणारा आकडा) २३, टी-४ (थायरॉईडचं संप्रेरक) कमी, अँटी-टीपीओ (थायरॉईडवर उलटलेली प्रतिपिंडं) पॉझिटिव्ह. म्हणजे थायरॉईड मंद. आधी ५० आणि मग ७५ मायक्रोग्रॅमची थायरॉईडची गोळी सुरू झाली, टीएसएच ३.१ वर आला आणि वर्षभर बरं गेलं. पुढे पाळीत फार रक्त जायला लागलं. हिमोग्लोबिन ८.९ निघालं, म्हणून लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या गेल्या. नंतरच्या तपासणीत टीएसएच ९.४ आला आणि थायरॉईडची गोळी १०० ची झाली. लोहाचा कोर्स संपल्यावर काही महिन्यांनी छातीत धडधड, हातांना कंप आणि टीएसएच ०.१५! पुन्हा ७५. यंदा लोह-कॅल्शियम पुन्हा सुरू आहे, आणि कोजागरीच्या आठवड्यात केलेल्या तपासणीत टीएसएच ८.८ आला. डॉक्टर म्हणतात, परत १०० करू.

ताई लिहितात: "सकाळी चहा ठेवता ठेवता आठवणीने गोळी घेते. नाश्ता झाला की लोह-कॅल्शियम. नवरात्राचे नऊ दिवस सोडले तर एक दिवस चुकवत नाही. तरी आकडा जागेवर राहत नाही. आमचे डॉक्टर अंदाजपंचे गोळी बदलतात असं वाटायला लागलंय. बहीण म्हणते, पुण्याला स्पेशालिस्टकडे चल. जाऊबाई म्हणतात, कोबी-फ्लॉवर बंद कर, धन्याचं पाणी पी. नऊ किलो वजन वाढलंय, आणि मिस्टर म्हणतात, तुला थायरॉईडचं निमित्तच मिळालंय. एकदा लागलेली गोळी सुटतच नाही का? आता तपासणीच्या पॅकेजमध्ये सासूबाईंचाही टीएसएच ६.४ आलाय, टी-४ नॉर्मल आहे. त्यांची अँजिओप्लास्टी झालेली आहे. त्यांना माझ्याच बाटलीतली गोळी सुरू करू का? आणि मुलीचं रक्त तपासून घेऊ का?"

उत्तर

ताई, आधी शेवटून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कारण ते थांबू शकत नाही. सासूबाईंना तुमच्या बाटलीतली गोळी देऊ नका. दिली असेल तर आजच बंद करून डॉक्टरांना सांगा. कारण पुढे लिहितो.

आता तुमच्याबद्दल. पत्रात बरेच आकडे आहेत आणि त्यातले बहुतेक टीएसएचचे. माझी नजर मात्र कडेच्या एका आकड्यावर अडली. हिमोग्लोबिन ८.९. तुमच्या वयाच्या बाईचं ते निदान १२ हवं. थकवा, जिना चढताना धाप, केस गळणं, कामात लक्ष न लागणं, यातलं किती थायरॉईडचं आणि किती रक्त कमी असल्याचं हे कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण घरात, दवाखान्यात आणि तुमच्या स्वतःच्या मनातही सगळं खापर थायरॉईडवर फुटलंय. हिमोग्लोबिनचा उल्लेख तुम्ही एका ओळीत उरकलात. बायकांच्या पत्रांत हे नेहमी दिसतं. पाळीत जास्त जाणं आणि रक्त कमी असणं हे जणू चालायचंच, त्याला आजार म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही.

आणि गंमत अशी, की टीएसएच वर-खाली होण्यामागेही तेच हिमोग्लोबिन आहे. नेमकं सांगायचं तर त्यासाठी दिलेली लोहाची गोळी.

तुम्ही दिलेल्याच घटना कागदावर शेजारी शेजारी मांडून बघा. ७५ ची गोळी चालू, लोह नाही: ३.१. तीच ७५ ची गोळी, सोबत लोह आणि कॅल्शियम: ९.४. मग डोस वाढवून १०० केला. त्यानंतर लोहाचा कोर्स संपला, वाढवलेला डोस मात्र तसाच राहिला: ०.१५ आणि धडधड. पुन्हा ७५, पुन्हा लोह, वर नवरात्रातला नऊ दिवसांचा खंड: ८.८. यात तुमची ग्रंथी कुठेही अचानक बिघडलेली किंवा सुधारलेली दिसत नाही. बदलत गेलं ते गोळीच्या आजूबाजूचं.

थायरॉईडची गोळी म्हणजे लेव्होथायरॉक्सिन. रिकाम्या पोटी घेतली तरी ती सगळीच्या सगळी रक्तात जात नाही, साधारण ६० ते ८० टक्के शोषली जाते. आतड्यात लोह किंवा कॅल्शियम भेटलं की ती त्यांना चिकटते, न विरघळणारा संयोग तयार होतो आणि तो सरळ शौचावाटे बाहेर पडतो. म्हणून या दोन्हींत आणि थायरॉईडच्या गोळीत चार तासांचं अंतर ठेवायचं असतं. तुमच्याकडे मधे फक्त नाश्ता आहे. चहा-कॉफीनेही शोषण कमी होतं. रोज सकाळी गॅसची गोळी घेणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं, पोटातलं आम्ल कमी झालं की थायरॉईडची गोळी नीट विरघळत नाही.

तुम्ही म्हणाल, चहा तर त्या चांगल्या वर्षातही होताच की! बरोबर आहे. अडथळा रोज सारखाच असला, तर डोस त्याच्यासकट जुळवला जातो. तुम्हाला ७५ लागली ती चहासकट लागली. घोटाळा होतो तो अडथळा कधी असतो आणि कधी नसतो तेव्हा. एक पोटसूचनाही यातूनच निघते: उद्यापासून चहा आणि गोळी लांब केलीत, तर कदाचित तुम्हाला पूर्वीपेक्षा कमी डोसही पुरेल. ते पुढची तपासणी सांगेल, आपण आधी ठरवायचं नाही.

नवरात्राबद्दल. हे औषध शरीरात बराच काळ टिकतं, निम्मं व्हायला त्याला साधारण सात दिवस लागतात. म्हणून एखादी गोळी चुकली तर काही बिघडत नाही. आठवेल तेव्हा त्याच दिवशी घ्यावी, आणि हृदयाचा त्रास नसेल तर दुसऱ्या दिवशी दोन घेतल्या तरी चालतं. नऊ दिवसांचा खंड मात्र निराळा. दसऱ्यापर्यंत औषध निम्म्याहून खाली आलेलं असतं. तुम्ही गोळ्या पुन्हा सुरू केल्यात आणि आठवड्याच्या आत रक्त दिलंत. तो ८.८ मुख्यतः लोह-कॅल्शियमचा आणि देवीच्या उपवासाचा आहे. उपवास तुमचा, नियमही तुमचे, पण एक गोळी आणि घोटभर पाणी याने उपवास मोडतो असं मी तरी कुणा भटजींकडून ऐकलेलं नाही. उलट आजाऱ्याला सूट असतेच.

आता टीएसएच म्हणजे काय ते एकदा नीट समजून घेऊ, म्हणजे डॉक्टरांवरचा राग थोडा निवळेल. टीएसएच थायरॉईड ग्रंथीतून येत नाही. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीकडून येतो. ऊसतोडीच्या फडात कामगार ढिले पडले की मुकादमाचा आवाज चढतो, तसं हे आहे. रक्तात थायरॉईडचं संप्रेरक कमी पडलं की टीएसएच चढतो. काम पुन्हा सुरळीत झालं तरी मुकादम लगेच शांत होत नाही, त्याला वेळ लागतो. हा वेळ साधारण सहा ते आठ आठवड्यांचा. डोस बदलल्यापासून, गोळीची वेळ बदलल्यापासून किंवा दुसऱ्या कंपनीची गोळी सुरू केल्यापासून तेवढे दिवस जाऊ द्यायचे आणि मगच रक्त तपासायचं. लॅबची ऑफर आली म्हणून मधेच तपासलं आणि त्या आकड्यावर डोस बदलला, तर दोन्हीकडून धावपळ होते. मग "माझा थायरॉईड कंट्रोलमध्येच येत नाही" अशी समजूत पक्की होते. दवाखान्यात मी हे वाक्य इतकं ऐकलंय की ते ऐकलं की मी डोस आधी बघत नाही, गोळी कशी आणि कशाबरोबर घेतात ते विचारतो.

तुमच्या डॉक्टरांकडून नेमका हाच प्रश्न राहून गेला असावा. त्याखेरीज मला त्यांचं काही चुकलेलं दिसत नाही. तक्रारी ऐकून योग्य तपासणी सांगितली, निदान बरोबर केलं, कमी डोसने सुरुवात करून बेताबेताने वाढवला, धडधड होताच कमी केला. आकडा वाढला की डोस वाढवणं हे पुस्तकाप्रमाणेच आहे. याला अंदाजपंचे म्हणता येणार नाही. ओपीडीत बाहेर रांग लागलेली असताना "चहाबरोबर घेता का?" हे विचारायचं राहतं, आणि पेशंट तर "रोज घेते" एवढंच सांगतो. तेही खरंच असतं.

म्हणून माझं मत: आता डॉक्टर बदलू नका. हे पत्र त्यांना दाखवा आणि एवढंच विचारा, "लोहाची गोळी लांब केली आणि ७५ च ठेवली, तर सहा-आठ आठवड्यांनी तपासून मग ठरवायचं का?" मला वाटतं ते हो म्हणतील. माझ्या या उत्तरावरून स्वतः डोस बदलू नका, मी तुम्हाला तपासलेलं नाही.

तसं बघितलं तर थायरॉईड मंद असणं हा फॅमिली डॉक्टरांकडेच सांभाळायचा आजार आहे. भारतातल्या आठ ठिकाणची, त्यात मुंबई आणि गोवाही होतं, एक मोठी पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात प्रौढांपैकी जवळपास ११ टक्के लोकांचा थायरॉईड मंद निघाला, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना ते आधी माहीतच नव्हतं. इतक्या लोकांनी पुण्या-मुंबईच्या एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे संप्रेरकांच्या तज्ज्ञांकडे, रांग लावायची म्हटली, तर ज्यांना खरोखर त्यांची गरज आहे त्यांना वर्षभर नंबर लागणार नाही. ज्या डॉक्टरांना तुमची पाळी, तुमची नोकरी आणि तुमच्या सासूबाईंची अँजिओप्लास्टी माहीत आहे, त्यांनाच या आजाराचे धागे जुळवणं सोपं जातं.

मग पुण्याला जायचं कधी? दिवस गेले असतील किंवा जायचे असतील आणि टीएसएच आटोक्यात नसेल. गळ्याला गाठ लागत असेल, ती वाढत असेल, आवाज बसला असेल किंवा गिळताना अडकत असेल. हृदयविकार असेल. आजार लहान मुलाचा असेल. हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडॅरोन किंवा मनाच्या आजारासाठी लिथियम चालू असेल. दोष पिट्युटरीतच असल्याची शंका असेल, कारण तिथे टीएसएचवर विसंबून चालत नाही. आणि गोळी अगदी नियमाने, रिकाम्या पोटी घेऊनही वजनाच्या मानाने फार मोठा डोस लागत असेल. ग्रंथी पूर्ण बंद पडलेल्या माणसाला किलोमागे सुमारे १.६ मायक्रोग्रॅम लागतात, म्हणजे ६२ किलोच्या बाईला साधारण १००. तुमची ग्रंथी थोडंफार काम अजून करत असावी, म्हणून ७५ वर भागलं. यात कुठे तुमचं नाव दिसतंय का? मला तरी दिसत नाही.

पुण्याचं भाडं आणि फी वाचवून तो वेळ आधी गावातल्याच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे घालवा, असं मी सुचवेन. थायरॉईड मंद असला की पाळीत जास्त जातं हे खरं, पण टीएसएच ३.१ वर असताना, म्हणजे वर्षभर सगळं ठीक असतानाच्या मागोमाग रक्तस्राव वाढलाय. चाळिशीनंतर त्याची इतर कारणंही बघावी लागतात. गर्भाशयात फायब्रॉईडची गाठ आहे का, अस्तर जाड झालंय का, हे सोनोग्राफीत कळतं. गळती चालू ठेवून लोह भरत राहिलात तर कोर्स संपेल, हिमोग्लोबिन पुन्हा उतरेल, लोह पुन्हा सुरू होईल आणि टीएसएच पुन्हा हलेल. शाकाहारी असाल तर बी-१२ सुद्धा तपासून घ्या. लोहाच्या गोळ्या मात्र थायरॉईडच्या नावाने बंद करू नका, त्यांची तुम्हाला फार गरज आहे.

फक्त त्यांची वेळ बदलायची. उठल्या उठल्या, गॅस पेटवायच्या आधी, थायरॉईडची गोळी साध्या पाण्याबरोबर घ्या. निदान अर्धा तास, जमलं तर तासभर दुसरं काही नाही. लोह दुपारी जेवणानंतर, वर लिंबूपाणी चालेल, चहा नको. कॅल्शियम रात्रीच्या जेवणाबरोबर. लोह आणि कॅल्शियमही एकमेकांच्या वाटेत येतात, म्हणून दोन्ही वेगवेगळ्या वेळी. सकाळचा चहा तासभर लांबवणं तुमच्या घरात अशक्य असेल, तर दोन वाटा आहेत. एक, तो पहिला चहा यजमानांनी ठेवावा. दुसरी, थायरॉईडची गोळी रात्री झोपताना घ्यावी, जेवण होऊन तीन तास झाल्यावर. तशीही ती चांगली लागू पडते, फक्त मग कॅल्शियम संध्याकाळी चहाच्या वेळेला सरकवावं लागेल. सकाळ की रात्र हे एकदा ठरवा आणि मग मोडू नका.

बाटली कुठे ठेवता? बऱ्याच घरांत ती गॅसच्या वरच्या फळीवर, मसाल्यांच्या डब्यांशेजारी असते, डोळ्यांसमोर राहावी म्हणून. ऊन, वाफ आणि ओल यांनी ही गोळी कमजोर होते. ती मूळ बाटलीतच, झाकण घट्ट लावून, स्वयंपाकघराबाहेर कोरड्या जागी ठेवा. मेडिकलवाल्याने दुसऱ्या कंपनीची दिली तर हरकत नाही असं नाही: शक्यतो एकच कंपनी धरून ठेवा, आणि बदललीच तर सहा आठवड्यांनी टीएसएच बघा. औषध महागडं नाही, देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे.

तपासणीलाही थोडी शिस्त लागते. एकच लॅब, सकाळची साधारण तीच वेळ, कारण टीएसएच दिवसाच्या वेळेनुसार बदलतो. उपाशी राहायची गरज नाही. त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावर घ्या. केस गळतात म्हणून बायोटिन (एक ब जीवनसत्त्व) असलेल्या गोळ्या घेत असाल तर त्या निदान दोन-तीन दिवस आधी थांबवा आणि लॅबला सांगा. काही यंत्रांवर बायोटिनमुळे टीएसएच खोटा कमी आणि टी-४ खोटा जास्त दिसतो. अँटी-टीपीओ पुन्हा पुन्हा करू नका. तुमच्या शरीराची प्रतिकारशक्ती ग्रंथीवर उलटली आहे एवढं त्यातून एकदा कळलं, तो आकडा वाढला-घटला म्हणून उपचार बदलत नाहीत. या आजाराला हाशिमोटो म्हणतात, १९१२ साली त्याचं वर्णन करणाऱ्या जपानी डॉक्टरांच्या नावावरून.

हे तुमच्यासाठी नाही, पण इतर वाचकांसाठी: वर्षभर गोळ्यांचा कंटाळा करून तपासणीच्या आधीच्या आठवड्यात मनोभावे घेणारे खूप असतात. त्यांच्या रिपोर्टात टी-४ उत्तम आणि टीएसएच तरी चढलेला असतो. अनुभवी डॉक्टर ते बघून गालात हसतात. त्यापेक्षा खरं सांगावं, नाहीतर उगाच डोस वाढतो.

जाऊबाईंच्या कोबीबद्दल. शिजवलेला कोबी, फ्लॉवर, मुळा नेहमीच्या प्रमाणात खुशाल खा. धन्याचं पाणी आवडत असेल तर प्या, पण गोळीच्या जागी नाही आणि गोळीबरोबरही नाही. आयोडीनचं मीठ चालू ठेवा, बारमाही सैंधवावर जाऊ नका. आयोडीनचे थेंब किंवा समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल मात्र घेऊ नका, हाशिमोटोमध्ये जादा आयोडीनने ग्रंथी आणखी मंदावू शकते.

वजनाचं सांगताना मला थोडं कठोर व्हावं लागेल. मंद थायरॉईडमुळे वाढणारं वजन बहुतेकांत दोन ते पाच किलोंच्या घरात असतं, आणि त्यातला बराचसा भाग शरीरात साठलेलं पाणी आणि मीठ असतो. गोळी लागू पडली की तेवढं उतरतं. नऊच्या नऊ किलो थायरॉईडच्या खात्यावर टाकता येणार नाहीत. आणि वजन उतरावं म्हणून डोस वाढवून मागू नका. त्याने हाडं झिजतात आणि हृदयाचे ठोके बिघडतात, ०.१५ च्या दिवसांत त्याची चुणूक तुम्ही बघितलीच आहे.

पण म्हणून यजमानांचं "निमित्त" खरं ठरत नाही. टीएसएच २३ हे निमित्त नव्हतं, हिमोग्लोबिन ८.९ हेही नाही. पुढच्या भेटीला त्यांना दवाखान्यात बरोबर न्या आणि हिमोग्लोबिनचा रिपोर्ट त्यांच्यासमोर डॉक्टरांना समजावून सांगायला लावा. बायकोचं न ऐकणारी माणसं डॉक्टरांचं ऐकतात, हा अन्याय असला तरी उपयोगी पडतो. हिमोग्लोबिन वर आलं, टीएसएच जागेवर आला आणि तरीही थकवा राहिला, तर झोप, घोरणं, साखर, पाळी जाण्याआधीचे बदल आणि मन, हे सगळं बघायचं. मन उदास असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, त्यात कमीपणा नाही.

गोळी आयुष्यभर लागेल का? तुमच्या बाबतीत बहुधा हो. पहिल्याच तपासणीत टीएसएच २३, टी-४ कमी आणि हाशिमोटो, ही ग्रंथी पुन्हा पूर्ण कामाला लागण्याची शक्यता फारशी नाही. गोळी "लागली" म्हणून सुटत नाही असं मात्र नाही. ग्रंथी जे बनवत नाही तेच आपण बाहेरून देतो. १८९१ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचे डॉक्टर जॉर्ज मरे यांनी या आजाराने त्रासलेल्या ४६ वर्षांच्या बाईला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचायला सुरुवात केली. तोवर यावर खात्रीचा इलाज नव्हता. त्या बाई त्यानंतर २८ वर्षं जगल्या, आणि तेवढ्या काळात ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी त्यांच्यासाठी लागल्या. तुमच्या वाट्याला पाण्याबरोबर घ्यायची चिमुकली गोळी आली आहे. कुणी "थायरॉईड मुळापासून बरा करतो, गोळी बंद करा" म्हणालं तर त्यांना मरेसाहेबांच्या मेंढ्यांची गोष्ट सांगा आणि गोळी चालू ठेवा. गोळी पूर्ण सोडलेल्या माणसाला गुंगी, बडबड किंवा अंग गार पडणं असं काही दिसलं, तर ताबडतोब हॉस्पिटल गाठायचं असतं.

मुलीला तक्रार नसेल तर दरवर्षी रक्त काढायची गरज नाही. हा आजार घराण्यात चालतो, म्हणून पाळी अनियमित झाली, गळा भरलेला दिसला, विनाकारण सुस्ती आली तर तपासा, आणि पुढे तिला मूल हवं असेल तेव्हा आधीच तपासून घ्या. गोळी चालू असलेल्या ज्या वाचक मुलींची लग्नं ठरताहेत, त्यांना एक विनंती: ही गोष्ट लपवू नका. लपवलेली गोळी सासरी चुकते. पाळी चुकून दिवस गेल्याचं कळताच डॉक्टरांना गाठा, कारण पहिल्या महिन्यांत बाळाला आईचंच संप्रेरक पुरतं आणि डोस बहुतेकदा पंचवीस ते तीस टक्क्यांनी वाढवावा लागतो. आठवड्याला दोन गोळ्या जास्त, असा तो साधा हिशेब आहे.

आता सासूबाई. त्यांची गोष्ट तुमच्यापेक्षा अगदी वेगळी आहे. तुमचा टी-४ कमी होता, त्यांचा नॉर्मल आहे. तुम्हाला त्रास होता म्हणून तपासलं, त्यांचा आकडा पॅकेजमध्ये आपसूक हाती आला. लॅबच्या कागदावर ४ किंवा ४.५ च्या वरचा आकडा ठळक छापतात, पण टीएसएचची वरची मर्यादा वयाबरोबर सरकते. पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसात ६.४ हा आजार असेलच असं नाही. असा किंचित वाढलेला आकडा पुष्कळदा काही महिन्यांत आपोआप खालीही येतो. युरोपात पासष्टीपुढच्या, अशाच किंचित वाढलेल्या टीएसएचच्या सातशेहून अधिक लोकांवर झालेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना खरी गोळी आणि निम्म्यांना खोटी देऊन बघितलं, आणि थकव्यात दोन्ही गटांत फरक पडला नाही.

याउलट गोळीने त्यांचं नुकसान होऊ शकतं. अँजिओप्लास्टी झालेल्या हृदयाला एकदम ७५ मायक्रोग्रॅम दिले तर ठोके वाढतात, हृदयाला जास्त रक्त लागतं आणि छातीत दुखायला लागू शकतं. ठोके अनियमित होऊन पक्षाघाताचा धोकाही वाढतो. अशा माणसाला कधी गोळी द्यावीच लागली, तर १२.५ किंवा २५ पासून, डॉक्टरांच्या नजरेखाली द्यायची. त्यांचा टीएसएच दोन-तीन महिन्यांनी टी-४ सकट पुन्हा करा. तोही १० च्या खाली आला आणि त्यांना त्रास नसला तर बहुधा नुसतं लक्ष ठेवायचं. १० च्या वर गेला तर तुमच्या त्याच फॅमिली डॉक्टरांशी बोला आणि सोबत हृदयाच्या औषधांची चिठ्ठी न्या. तोवर दोघींची औषधं वेगवेगळ्या डब्यांत ठेवा आणि डब्यांवर मोठ्या अक्षरात नावं लिहा.